वडिलांनी स्क्रीनवरच्या नंबरला फोन केला, एनीडेस्क टाकलं. आता फॉरमॅट मारायचा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. वडील रिटायर्ड, इंदिरानगरला राहतात, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. घरच्या पीसीवर मालिकेचा चुकलेला भाग शोधत होते, तेवढ्यात स्क्रीनभर वॉर्निंग आली, मोठ्याने आवाज सुरू झाला, "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा". त्यांनी फोन केला. समोरच्याने गोड बोलून एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचं मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं, पाऊण तास मशीन त्याच्याच हातात होतं, आणि शेवटी "लाईफटाईम सिक्युरिटी"चे पैसे मागितले तेव्हा वडिलांना शंका आली आणि त्यांनी सरळ मेन स्विच बंद केला. पैसे गेलेले नाहीत. आता दुकानदार म्हणतोय फॉरमॅट मारा आणि अँटिव्हायरस घ्या. तुम्ही विचारताय की एवढं पुरेल का, डेस्कटॉपवर आधार-पॅनच्या पीडीएफ होत्या त्यांचं काय, आणि पीसी तसाही स्लो आहे, तर त्यातच काय ते करून घ्यावं का.

मी नाशिकमध्येच कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतो, घरी जाऊन सर्व्हिस देतो, त्यामुळे हा प्रकार नवीन नाही. सिडकोपासून गंगापूर रोडपर्यंत सगळीकडे हीच स्टोरी असते, फक्त वॉर्निंगचा रंग आणि मागितलेली रक्कम बदलते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ती वॉर्निंग आली तेव्हा मशीनमध्ये व्हायरस नव्हता, निदान त्या वॉर्निंगमुळे तरी नव्हता. ते एक साधं वेबपेज होतं. फुल स्क्रीन केलेलं, आवाज लावलेला, आणि वर मायक्रोसॉफ्टचं चिन्ह चिकटवलेलं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या वॉर्निंगमध्ये फोन नंबर कधीच नसतो, हे एवढं एक वडिलांना सांगून ठेवा. म्हणजे हल्ला मशीनवर नाही, माणसावर झालाय. मशीन त्यांच्या हातात गेलं ते नंतर, आणि तेही आपण दार उघडून दिल्यावर. त्यामुळे पहिला प्रश्न "व्हायरस आहे का" हा नाहीच, त्या पाऊण तासात त्यांनी काय पाहिलं, काय टाईप करून घेतलं आणि मागे काय ठेवून गेले हा आहे. मशीन फॉरमॅट करून यातला फक्त शेवटचा भाग सुटतो. पासवर्ड त्यांच्याकडे गेले असतील तर नुसता फॉरमॅट मारणं म्हणजे चोराच्या खिशात किल्ल्या असताना घराला रंग देण्यासारखं आहे.

म्हणून माझा क्रम ठरलेला असतो, आधी बँक, मग ईमेल आणि पासवर्ड, मग मशीन. लोक नेमकं उलटं करतात. दोन दिवस मशीन दुकानात पडून असतं आणि तोवर नेटबँकिंगचा पासवर्ड तोच.

आता यात बरंच परिस्थितीवर आहे, तुमच्या लिहिण्यातून मला सगळं कळत नाहीये, तर वडिलांना शांतपणे तीन गोष्टी विचारा. त्या पाऊण तासात बँकेची साईट उघडली होती का किंवा त्याने उघडायला लावली का, अगदी "फक्त बॅलन्स चेक करू" म्हणून सुद्धा. दुसरं, मोबाईलवरही काही अ‍ॅप टाकायला लावलं का, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी फाईल पाठवली का. तिसरं, मधे स्क्रीन काळी झाली होती का आणि "स्कॅन चालू आहे, हात लावू नका" असं म्हणाले का. शांतपणे हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण मुलगा ओरडायला लागला की वडील अर्धी गोष्ट गाळून सांगतात, आणि गाळलेलीच नेमकी महत्त्वाची असते. चूक कोणाची ते नंतर बघा, आधी माहिती काढा.

ते लोक या वेळात काय करतात ते सांगतो म्हणजे वडिलांना आठवायला सोपं जाईल. बहुतेक वेळा पहिल्यांदा ते इव्हेंट व्ह्यूअर उघडतात. विंडोजची ही अंतर्गत नोंदवही आहे, त्यात लाल आणि पिवळ्या खुणांच्या ओळीच्या ओळी असतात, आणि त्या अगदी ठणठणीत मशीनमध्ये पण असतात, माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये आत्ता शेकड्याने निघतील. एखादी सर्व्हिस उशिरा चालू झाली, प्रिंटर सापडला नाही, की झाली एरर. हे दाखवून म्हणायचं "बघा सर, किती व्हायरस". मग काळी कमांडची विंडो उघडून त्यात 'ट्री' ही कमांड टाकतात. ती फक्त फोल्डरची यादी सरसर खाली पळवते, पण बघणाऱ्याला वाटतं काहीतरी जबरदस्त स्कॅनिंग चाललंय, आणि यादी संपली की शेवटी ते स्वतःच "हॅकर फाउंड" असं काहीतरी टाईप करतात. वडिलांना हे आठवलं तर समजा ती नेहमीची नाटक कंपनी होती, त्यांचा इंटरेस्ट साडेसात-आठ हजारांचं खोटं पॅकेज विकण्यात असतो. बँकेची साईट उघडायला लावली असेल तर मात्र प्रकार वेगळा. त्यात ते रिफंडचा खेळ करतात, ब्राउझरमध्येच पानावरचा आकडा बदलून दाखवतात की "चुकून तुमच्या खात्यात जास्त पैसे आले, परत पाठवा". तो आकडा फक्त तुमच्या स्क्रीनवर बदललेला असतो, बँकेत नाही. पान रिफ्रेश केलं की जुना आकडा परत येतो. आणि स्क्रीन काळी करून ठेवली असेल तर मागे फाईल कॉपी झाल्या किंवा सेव्ह केलेले पासवर्ड बघितले असं धरूनच चालायचं.

आता बँक. कार्डाच्या मागे जो नंबर छापलेला असतो त्यावर फोन करा, गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधून नको, तिथे खोटे नंबर टाकून बसलेले लोक आहेत आणि एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडायला वेळ लागत नाही. झालेला प्रकार सांगा, तक्रार नंबर लिहून घ्या, नेटबँकिंगचा पासवर्ड मोबाईलवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून बदला, आणि पैसे पाठवायच्या यादीत एखादं अनोळखी नाव जोडलेलं आहे का ते बघा. ही यादी बघायचं कोणाच्या लक्षात येत नाही. नाव आज जोडून ठेवतात आणि चार दिवसांनी काढतात.

वडील सेक्रेटरी आहेत म्हणजे सोसायटीच्या खात्याचं नेटबँकिंग पण याच पीसीवरून चालत असणार. तर अध्यक्षांना आणि खजिनदारांना आजच सांगा, लाज वाटली तरी सांगा. बऱ्याच सोसायट्यांमध्ये एक जण एन्ट्री करतो आणि दुसरा मंजूर करतो, तसं असेल तर धोका कमी आहे, पण दोघांचे पासवर्ड एकाच मशीनमध्ये सेव्ह करून ठेवले असतील (आणि हे मी बघितलंय) तर त्या दुहेरी सहीला काही अर्थ राहत नाही.

उद्या कधी पैसे गेलेच तर पहिला फोन १९३०. ही सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे, आणि तक्रार सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर पण करता येते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवले जातात, मधेच कुठे पकडून गोठवता आले तर आले, म्हणून इथे तासांचा नाही, मिनिटांचा हिशोब आहे. "उद्या सकाळी बँक उघडल्यावर जाऊ" असं करू नका. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, त्यात असं आहे की ग्राहकाची आणि बँकेची दोघांचीही चूक नसेल, गडबड तिसरीकडेच झाली असेल, तर बँकेकडून कळल्यावर तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर बोजा येत नाही. पण ओटीपी किंवा पासवर्ड आपणच दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तुमच्या केसमध्ये दुसरंच लागू पडायची शक्यता जास्त. त्यामुळे लवकर कळवणं आणि त्याची नोंद हातात असणं, सगळं यावर येऊन थांबतं.

मोबाईलवर काही टाकलं असेल तर मात्र मोबाईलच आधी. कारण ओटीपी तिथेच येतो. एपीके नावाची फाईल (म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप टाकायची फाईल) व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल, आरटीओ चलान, लग्नपत्रिका, पीएम किसान, गॅस कनेक्शन, अशा कुठल्याही नावाने येते, आणि ती टाकली असेल तर ते अ‍ॅप एसएमएस वाचून पुढे पाठवू शकतं. आधी फोनचं नेट बंद करा, मग बँकेचं सगळं दुसऱ्या फोनवरून बोलून बंद करून घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी या ठिकाणी कुठलं अनोळखी अ‍ॅप चालू दिसतंय का बघा, दिसलं तर बंद करून काढून टाका, कॉल फॉरवर्डिंग कुठे लावलेलं नाही ना बघा, आणि मन मानत नसेल तर फोन फॅक्टरी रीसेट. पिंपळगाव-लासलगाव साईडला शेतकऱ्यांच्या ग्रुपवर या फाईली इतक्या फिरतात, आणि पाठवणारा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असतो आणि त्याचं व्हॉट्सअ‍ॅप आपोआप सगळ्यांना पाठवत असतं.

मग ईमेल. लोक बँकेला घाबरतात आणि जीमेलला विसरतात, पण बाकी बरेचसे पासवर्ड जीमेलवरूनच रीसेट होतात. पासवर्ड बदला, टू स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीत कुठली कुठली डिव्हाईस लॉगिन आहेत ती यादी बघून अनोळखी काढा, रिकव्हरीचा नंबर आणि ईमेल आपलाच आहे का बघा. आणि जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन भाग उघडून बघा, तिथे कोणीतरी "बँकेचे मेल या पत्त्यावर पाठव आणि डिलीट कर" असा नियम लावून ठेवला तर पासवर्ड बदलून पण तो नियम तसाच चालू राहतो. व्हॉट्सअ‍ॅपचं लिंक्ड डिव्हाईसेस बघा, पीसीवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं असेल तर लॉगआउट करा आणि सहा आकडी टू स्टेप पिन लावा.

क्रोममध्ये पासवर्ड सेव्ह होते का हे बघा. विंडोजला पिन किंवा पासवर्ड लावलेला असेल तर ते बघायला तो विचारला जातो, पण घरच्या बऱ्याच मशीनला काहीच लावलेलं नसतं, चालू केलं की थेट डेस्कटॉप. तसं असेल तर ती सगळी यादी त्यांनी बघितली असं समजा आणि सगळे बदला. एकदम तीस-चाळीस नाही होणार, आधी बँक, ईमेल, इन्कम टॅक्स, डीमॅट, बाकी निवांत.

आधार-पॅनचं असं आहे की गेलेली पीडीएफ परत आणता येत नाही, फक्त तिचा उपयोग अवघड करता येतो. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, अ‍ॅपवरून किंवा यूआयडीएआयच्या (आधार देणारी सरकारी संस्था) साईटवरून होतं, लागेल तेव्हा उघडता येतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, अनोळखी असेल तर तिथूनच कळवता येतं. आणि तीन-चार महिन्यांनी एकदा क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, पॅनवर कोणी कर्ज काढलं असेल तर त्यात दिसेल. प्रत्येक क्रेडिट ब्युरोला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो, त्यामुळे पैसे भरायची गरज नाही. यापुढे कुणाला आधार द्यायचं असेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

हे सगळं झालं की मग मशीनकडे या. चालू करायच्या आधी राउटर बंद करा किंवा नेटची वायर काढा. सेटिंगमध्ये अ‍ॅप्सची यादी उघडा, इन्स्टॉल तारखेप्रमाणे लावा, त्या दिवशीचं जे जे असेल ते काढा. एनीडेस्क एकटंच असेल असं नाही, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, स्क्रीनकनेक्ट, रस्टडेस्क, एकाच्या आडून दुसरं टाकून ठेवायची त्यांची पद्धत आहे, आणि त्यात पासवर्ड सेट केला की पुढच्या वेळी तुम्हाला परवानगी मागत पण नाही, रात्री मशीन चालू राहिलं की आत. एनीडेस्क स्वतः वाईट सॉफ्टवेअर नाही, मी रोज वापरतो, पुण्याच्या मुलाने नाशिकच्या आईचं मशीन बघायला याच्यासारखं दुसरं नाही. पण रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच याच्या नावाने इशारा दिला होता, इतका त्याचा गैरवापर होतो. अजून एक, एनीडेस्क इन्स्टॉल न करता पण चालतं, म्हणून यादीत दिसलं नाही तरी डाउनलोड फोल्डर बघा.

मग टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप, ब्राउझरची एक्सटेन्शन, आणि अकाउंट्समध्ये कोणी नवीन युजर बनवलाय का हे बघा. आणि एक जागा जी दुकानात पण फारसं कोणी बघत नाही, विंडोज सिक्युरिटी उघडायचं, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, खाली एक्सक्लूजन्स. इथे जे फोल्डर लिहिलेलं असेल ते डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, तपासतच नाही. अख्खा सी ड्राईव्ह तिथे टाकलेला मला सापडलाय, वर डिफेंडर हिरवी टिक दाखवतोय, सगळं ओके. ती यादी रिकामी करा, मग नेट जोडून डिफेंडर अपडेट करा आणि ऑफलाईन स्कॅन लावा, मशीन रीस्टार्ट होऊन पंधरा एक मिनिटं घेतं.

तर फॉरमॅट मारायचा का? माझं मत, तुमच्या केसमध्ये हो, मारा. पाऊण तास अनोळखी माणसाच्या हातात मशीन होतं आणि त्यावर सोसायटीचं बँकिंग चालतं, एवढं कारण पुरे. पाच मिनिटांत फोन ठेवला असता आणि बँकेचं काही नसतं तर वरची सफाई करून सोडून द्या म्हणालो असतो. पण मारायचा तर नीट. आधी एक्सेल, वर्ड, फोटो, पीडीएफ आणि टॅली असेल तर त्याचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, सेटअपच्या फाईली घेऊ नका. मग विंडोजच्या रिकव्हरीमध्ये रीसेट धिस पीसी, रिमूव्ह एव्हरीथिंग, क्लाउड डाउनलोड. चार-पाच जीबी डेटा जातो पण विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडून येतं.

हे दुकानात न देता घरीच करा, का ते ऐका. फॉरमॅट मारून देतात त्यातले बरेच जण पेन ड्राईव्हमध्ये ठेवलेलं क्रॅक विंडोज टाकतात, आणि ते अ‍ॅक्टिव्हेट करायला जे टूल चालवतात त्याला डिफेंडर पकडतो, म्हणून आधी डिफेंडर बंद करतात किंवा मघाशी सांगितलं त्या एक्सक्लूजनमध्ये टाकतात. म्हणजे सुरक्षेसाठी फॉरमॅट मारला आणि मशीन आधीपेक्षा उघडं होऊन घरी आलं. तुमचं विंडोज ओरिजिनल असेल तर त्याचं लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं, तीच एडिशन परत टाकली की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, कुठलं टूल लागत नाही. दुकानातच द्यायचं असेल तर एवढं बोलून द्या की ओरिजिनलच टाका, अ‍ॅक्टिव्हेटर नको. सगळेच दुकानदार तसे नसतात, एम. जी. रोडला सरळ काम करणारे लोक आहेत, पण विचारल्याशिवाय कळत नाही. तोच प्रकार मराठी टायपिंगचा. सोसायटीच्या नोटिसा टाईप करायला जुन्या फॉन्टचं क्रॅक सॉफ्टवेअर टाकून देतात आणि त्याच्यासोबत काय काय येतं देव जाणे. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच दिलाय, लँग्वेज सेटिंगमध्ये जाऊन चालू करायचा, संपलं.

अँटिव्हायरस विकत घ्यायचा का, तर घरच्या वापराला डिफेंडर पुरतो, तो चालू आणि अपडेटेड असला की झालं. विकतचा घ्यायचाच असेल तर वाईट काही नाही, पण एकच घ्या, दोन-दोन टाकले की मशीन रांगायला लागतं. आणि हे समजून घ्या की माणसाने स्वतः एनीडेस्क उघडून त्यातला नऊ-दहा आकडी नंबर वाचून दाखवला तर जगातला कुठलाही अँटिव्हायरस त्याला अडवेल याची खात्री नाही, कारण ते चोरटं सॉफ्टवेअर नाहीच. पैसे खर्च करायचे तर बॅकअपच्या हार्ड डिस्कवर करा. ती महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. कायम जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर (फाईली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला की मशीनसोबत ती पण लॉक होते.

वॉर्निंग परत येणार, तर वडिलांना बाहेर पडायचं शिकवा. सांगून नाही, त्यांच्याकडून करून घ्या. एस्केप दाबून धरलं की बहुतेक वेळा फुल स्क्रीन सुटते. नाही सुटली तर कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद. ते पण जमलं नाही तर पॉवर बटण दाबून धरायचं, त्यांनी मेन स्विच बंद केला ते पण बरोबरच केलं, त्या क्षणी त्याहून चांगलं काही नव्हतं. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर "आधीची पानं उघडू का" विचारेल, तिथे नाही म्हणायचं. जाहिराती अडवायला क्रोममध्ये युब्लॉक ओरिजिन लाईट टाका, फायरफॉक्समध्ये पूर्ण युब्लॉक ओरिजिन चालतं, एजमध्ये स्केअरवेअर ब्लॉकर म्हणून सेटिंग आहे ते चालू करा. कोपऱ्यात सारख्या "व्हायरस सापडला" अशा सूचना येत असतील तर तो व्हायरस नसतो, कुठल्यातरी साईटला कधीतरी नोटिफिकेशनची परवानगी दिलेली असते, साईट सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका. फुकट मालिका दाखवणाऱ्या साईट बंद करा म्हणणार नाही कारण कोणी ऐकत नाही, पण निदान त्या मशीनवर बँकिंग नको.

वडिलांना पण रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं साधं अकाउंट करून द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. आणि बँकेची साईट बुकमार्क करून द्या, गुगलमध्ये नाव टाकून पहिल्या लिंकवर जायची सवय मोडा. बँकांना आता बँक डॉट इन असा पत्ता दिलाय, रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं होतं, तर पत्त्याचा शेवट बघायची सवय लावता येते.

अजून एक, हे लोक परत फोन करणार. आजच्या नंबरची यादी पुढे विकली जाते. कधी रिफंड डिपार्टमेंट म्हणून, कधी सायबर पोलीस म्हणून, "तुमच्या कॉम्प्युटरवरून गुन्हा झालाय, व्हिडिओ कॉलवर बसून राहा" असं. डिजिटल अरेस्ट नावाचं कायद्यात काही नाही. कोणी पोलीस म्हणून घाबरवलं तर फोन कट करून सरळ इंदिरानगर पोलीस स्टेशनला जायचं. आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय, प्रयागराजला २०२५ च्या कुंभमेळ्यात तंबू आणि हॉटेलच्या खोट्या बुकिंग साईट निघाल्या होत्या, इथेही निघतील, बाहेरगावचे नातेवाईक वडिलांनाच सांगणार जरा बुकिंग बघा म्हणून. तेव्हा अनोळखी साईटवर आगाऊ पैसे भरायच्या आधी हॉटेलवर कोणाला तरी प्रत्यक्ष पाठवून खात्री करा, गावातच तर आहे.

राहिला स्लो पीसी. फसवणुकीशी त्याचा संबंध नसणार. टास्क मॅनेजर उघडून बघा, डिस्क सारखी शंभर टक्के दाखवत असेल तर बहुतेक जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकला की तेच मशीन ओळखू येत नाही, आणि फॉरमॅट मारायचाच आहे तर आत्ताच टाका, काम एकदाच होईल. जुनी डिस्क पुसायची घाई नको, बॅकअप म्हणून महिनाभर बाजूला ठेवा. सीपीयूचा डबा जमिनीवर ठेवलेला असेल तर वर उचला, झाडूचा सगळा धुरळा पंख्यात जातो, ब्लोअर मारून घ्या. पावसाळ्यात चालू होताना नुसती टूं टूं वाजली तर बहुतेक वेळा रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने पुसून परत बसवली की चालू होतं, मशीन बंद आणि वायर काढून करायचं एवढंच.

पण एसएसडी टाकण्याआधी विंडोजचं बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरच्या युजरला जादा सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवता येतं पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर. जुन्या मशीनवर जुगाड करून ११ टाकून देणारे आहेत, बँकिंगच्या मशीनवर मी ते करत नाही. नसेल बसत तर बँकिंग मोबाईलवर हलवा किंवा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाका, नुसतं ब्राउझर आणि यूट्यूबवाल्या माणसाला ते आठ दिवसांत सवयीचं होतं, टॅली असेल तर मात्र अडचण आहे.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबला सीपीयूचं पूर्ण नाव आणि रॅम किती ते दिसेल, ते लिहून पाठवा, मग त्यात पैसे घालायचे की नाही ते सांगतो. त्याआधी बँकेला फोन करा.